विसाव्या ओळीतलं कार्ड

त्या शनिवारी मी गोल्फमध्ये ९१ खेळले, म्हणजे अठरा होलना मिळून ९१ फटके. कोर्स पार ७२ चा, म्हणजे निष्णात खेळाडूला ७२ फटके लागावेत असा. माझा कोर्स हँडिकॅप, म्हणजे या कोर्सवर मला मिळणारी फटक्यांची सूट, १९. ती वजा केली की नेट बरोबर ७२. कित्येक महिन्यांत असा राउंड हातून झाला नव्हता. अठराव्या होलवर शेवटचा पट (चेंडू होलमध्ये ढकलणारा हलका फटका) पडला तेव्हा सोबतच्या दोघींनी माझ्याआधी हात वर केले. स्पर्धा नव्हती, नेहमीचाच राउंड होता. पण मार्करची, म्हणजे माझे फटके मोजणाऱ्या सोबतिणीची, सही घेतली आणि घरी निघायच्या आधी एकेका होलचे आकडे अ‍ॅपमध्ये भरले. माझा हँडिकॅप इंडेक्स, म्हणजे खेळाची कुवत दाखवणारा आकडा, तेव्हा १७.४ होता; तो जितका कमी तितका खेळ चांगला, आणि त्यावरूनच कोर्स हँडिकॅप ठरतो. तो उतरणार याची मला खात्री होती. सतरावर थांबतो की त्याच्याही खाली जातो, एवढंच बघायचं राहिलं होतं.

हिशोब मध्यरात्रीनंतर होतो. सकाळी उठल्याउठल्या फोन घेतला. १७.६.

वाटलं, एखादा आकडा भरताना चुकला. कार्ड काढून अठराच्या अठरा होल ताडून पाहिले. सगळे बरोबर होते. मग जे वाईट वाटायला लागलं ते दिवसभर गेलं नाही. मागच्या महिन्यात मी ९८-९९ खेळत होते तेव्हा इंडेक्स जागचा हलला नव्हता, आणि आता नेट पार खेळले तर तो वाढला!

आमच्या हँडिकॅप समितीत एक वयस्कर सदस्य आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांना गाठलं. "काका, हिशोबात काहीतरी चुकलंय." त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "चुकलं असेल तर दुरुस्त करू. आधी तू हाताने काढून दाखव. कागद घे."

सुरुवात सातव्या होलपासून झाली, कारण तिथे मी नऊ मारले होते. पार ४. दुसरा फटका झाडीत, तिसरा बुंध्यावर आपटून मागे, चौथा कसाबसा फेअरवेवर, पाचवा बंकरमध्ये, बंकरमधून निघायला दोन आणि वर दोन पट. काकांनी विचारलं, "हँडिकॅपसाठी यातले किती धरायचे?" नेट डबल बोगी हे शब्द मी शंभरदा ऐकले होते, पण स्वतः मांडून कधी पाहिलं नव्हतं. होलचा पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर आपल्याला मिळणारे फटके. एका होलवर त्यापेक्षा जास्त धरायचं नाही. माझा कोर्स हँडिकॅप १९ म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका आणि स्ट्रोक इंडेक्स १ असलेल्या, म्हणजे अवघडपणाच्या क्रमात पहिल्या, होलवर आणखी एक. सातव्या होलचा स्ट्रोक इंडेक्स ५. म्हणून चार अधिक दोन अधिक एक, झाले सात. स्ट्रोक इंडेक्स १ चा होल पार ५ चा होता, तिथे मी आठ मारले होते. तिथली मर्यादा नऊ, त्यामुळे ते आठ तसेच राहिले. ९१ चे हँडिकॅपपुरते ८९ झाले.

नऊच्या जागी सात लिहिताना मला अवघडल्यासारखं झालं. मारलेला फटका मारलेला असतो, तो पुसायचा कसा? काकांना तसं म्हटलंही. त्यांनी मला उलट विचारलं, "नऊ धरले तर तुझा इंडेक्स कुठे जाईल?" वर. "मग पुढच्या सामन्यात तुला फटके जास्त मिळतील की कमी?" जास्त. "आणि ते कोणाच्या खिशातून?" तेव्हा लख्ख कळलं. एका होलवर झालेला गोंधळ माझ्या कुवतीबद्दल फार काही सांगत नाही. तो पूर्ण धरला तर माझा हँडिकॅप फुगतो, आणि त्याची किंमत माझ्यासमोर खेळणारी मोजते. ही मर्यादा माझ्यावर मेहेरबानी म्हणून नाही, तिच्यासाठी आहे. स्पर्धेत स्ट्रोक प्ले असेल, म्हणजे एकूण फटक्यांवर निकाल असेल, तर नऊचे नऊच राहतात, होल पुरा करावाच लागतो. हा वेगळा आकडा फक्त हँडिकॅपच्या वहीसाठी.

इथे माझी एक जुनी चूक उघडी पडली. एकेक होल भरला की अ‍ॅप ही कपात आपोआप करतं. पण काही महिन्यांपूर्वीपर्यंत मी घाईघाईने नुसती बेरीज भरत असे. बेरजेतून अ‍ॅपला कुठल्या होलवर किती मारले ते कळणार कसं? तिथे कपात आपण करून मगच आकडा द्यायचा असतो, आणि मी ती केली नव्हती. जुनी कार्डं माझ्याकडे जपून ठेवलेली होती. विसांत अशी दोन निघाली. ती दुरुस्त करून घेतली. दोन्ही इतकी खराब होती की दुरुस्तीनंतरही इंडेक्स तसूभर हलला नाही, पण तोवर माझ्या नावावर चुकीचे आकडे उभे होते याची रुखरुख बरेच दिवस राहिली.

जोडीच्या सामन्यात जोडीदाराने होल जिंकला की आपण चेंडू उचलून घेतो, त्याचाही नियम मी त्याच दिवशी नीट समजून घेतला. तिथे मनाला येईल तो आकडा लिहायचा नसतो. चेंडू होलपासून दीड मीटरच्या आत असेल तर आणखी एक फटका धरायचा. दीड ते अठरा मीटरमध्ये असेल तर दोन किंवा तीन, त्याहून लांब असेल तर तीन किंवा चार. आणि ही बेरीज नेट डबल बोगीपेक्षा जास्त झाली तर नेट डबल बोगीच.

मग डिफरेन्शियल, म्हणजे कोर्सचा अवघडपणा धरून काढलेला त्या राउंडचा आकडा. आमच्या टीवरून (होल जिथून सुरू करतो ती जागा) स्त्रियांसाठी कोर्स रेटिंग ७१.२ आहे आणि स्लोप रेटिंग १२८. शून्य हँडिकॅपची खेळाडू साधारण परिस्थितीत इथे किती खेळेल ते कोर्स रेटिंग सांगतं. स्लोप सांगतो की आमच्यासारख्या बोगीच्या (होलमागे पारपेक्षा एक फटका जास्त) आसपास खेळणाऱ्यांना हा कोर्स तिच्या तुलनेत किती जास्त त्रास देईल. स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असू शकतो आणि मध्यम अवघड कोर्सचा ११३ धरतात. हा ११३ मला कायम खुपत आला होता; शंभर का नाही? त्याचं कारण इतकं सरळ आहे की आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वेगवेगळ्या हँडिकॅपच्या खेळाडूंचे स्कोअर आलेखावर मांडले, तर मध्यम कोर्सवर हँडिकॅप एकाने वाढला की स्कोअर सुमारे १.१३ ने वाढतो. त्या रेषेचा चढ शंभरपट करून लिहिला की तोच स्लोप. ही कल्पना अमेरिकेत डीन नथ यांनी १९७० च्या दशकात विकसित केली, आणि आज जगभर कुठल्याही कार्डाला तीच लागू होते.

८९ वजा ७१.२, उरले १७.८. गुणिले ११३, भागिले १२८. १५.७. हाच १७.८ चा फरक मध्यम कोर्सवर पडला असता तर डिफरेन्शियल १७.८ च राहिलं असतं. आमचा कोर्स जास्त छळतो म्हणून तेच खेळणं दोनेक फटक्यांनी सरस ठरलं. वजाबाकीत आणखी एक आकडा असतो, त्या दिवसाच्या परिस्थितीचा. ३६.० किंवा त्याखालच्या इंडेक्सच्या किमान आठ खेळाडूंचे स्कोअर त्या दिवशी आले असतील, तर ते अपेक्षेच्या मानाने कसे पडले हे पाहून उणे एक ते अधिक तीनपर्यंत फेरफार होतो. जोराचा वारा असेल, सगळ्यांचंच खेळणं ढासळलं असेल, तर प्रत्येकीला थोडी सूट मिळते. म्हणूनच हिशोबाला रात्रीपर्यंत थांबावं लागतं. त्या शनिवारी हा आकडा शून्य होता.

तर १५.७. माझ्या १७.४ पेक्षा १.७ ने चांगलं. "मग?" मी म्हटलं. काका म्हणाले, "आता आठ आकडे उतरवून घे."

इंडेक्स म्हणजे शेवटच्या वीस राउंडांपैकी सर्वांत चांगल्या आठ डिफरेन्शियलची सरासरी. हे मला पाठ होतं. शनिवारपूर्वीचे माझे आठ होते १३.९, १६.६, १७.२, १७.५, १८.०, १८.३, १८.७ आणि १९.०. बेरीज १३९.२, भागिले आठ, १७.४. बरोबर. आता १५.७ त्यात घालायचं. मी खालून १९.० खोडायला गेले तर काकांनी पेन धरलं. "खालचं नाही. वीस भरलेत. एकविसावं कार्ड आलं की सर्वांत जुनं जातं. सर्वांत जुनं कुठलं?"

विसाव्या ओळीत १३.९ होतं.

ते सात महिन्यांपूर्वीचं कार्ड. हाच कोर्स, कपात धरून ८७. त्या सकाळी माझे पट कुठूनही जात होते, आणि तो राउंड मी अजून फटका-फटका सांगू शकते. शनिवारी मी आठव्या होलवर चिप घालत होते तेव्हा माझ्या वहीतून तो राउंड बाहेर पडायची वेळ झाली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. १३९.२ मधून १३.९ गेले, १५.७ आले. १४१.०. भागिले आठ, १७.६.

कागद समोर होता, एकही चूक नव्हती, आणि तरी मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. इंडेक्स आहे तिथे ठेवण्यासाठीही मला त्या दिवशी ८७ खेळावं लागलं असतं. आणि ९८-९९ मारूनही जो हलत नव्हता, त्याचं कारणही तेच: तेव्हा विसाव्या ओळीतून जी कार्डं गेली ती आठांत नव्हतीच, आणि नवी आली तीही आठांत बसली नाहीत.

काकांनी मला दोष दिला नाही. माझ्या डोक्यात जो हिशोब होता तो खोटा नव्हता, जुना होता, असं ते म्हणाले. २०२० मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी एकच जागतिक पद्धत आणली, त्याआधी जगात सहा पद्धती नांदत होत्या. काका ब्रिटिश-आयरिश पद्धतीत तयार झालेले. तिथे प्रत्येक कार्ड हँडिकॅपला थेट हात लावायचं: हँडिकॅपपेक्षा चांगलं खेळलात तर सरस ठरलेल्या दर फटक्यामागे, हँडिकॅपच्या गटानुसार, बहुतेकांचा ०.१ ते ०.४ उतरायचा, आपल्या गटाला दिलेल्या सवलतीच्या पट्ट्याबाहेर खराब खेळलात तर ०.१ चढायचा. चांगलं खेळून वर जाणं तिथे घडूच शकत नव्हतं. अमेरिकेच्या पद्धतीत विसांतले दहा घेऊन सरासरीला ०.९६ ने गुणत. आताची घडण त्या दुसऱ्या वळणाची. त्यात एक कार्ड एकटं काहीच ठरवत नाही. येणारं कार्ड आणि जाणारं कार्ड मिळून ठरवतात.

मला ही पद्धत पटते, ती कळून घेतल्यावर जास्त पटते. विसांतले आठच घेतल्याने इंडेक्स आपल्या चांगल्या दिवसांचा असतो. त्यामुळे बहुतेक दिवशी आपण त्यापेक्षा वाईटच खेळणार, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे मला दोन वर्षं कोणी नीट सांगितलं नव्हतं. दर राउंडनंतर "आज हँडिकॅपला खेळले नाही" म्हणून मी खट्टू होत राहिले, आणि ती दोन वर्षं मी उगाच कुढण्यात घालवली.

त्यानंतरच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत वेगळंच घडलं. तिचा इंडेक्स २६.३. एका सकाळी तिने ९२ खेळले, एकाही होलवर कपात नाही. डिफरेन्शियल १८.४. दुसऱ्या दिवशी तिचा इंडेक्स २४.१ झाला आणि तिने मला फोन केला, आवाज रडवेला. यावेळी हाताने काढायची पाळी माझी होती. जाणारं कार्ड तिच्या आठांतलं नव्हतं. आठांतलं सर्वांत कच्चं २८.२ खाली सरकलं आणि १८.४ आत आलं. त्याने इंडेक्स २५.१ व्हायला हवा. मग वरचा एक कुठून? १८.४ हे २६.३ पेक्षा ७.९ ने चांगलं होतं. फरक ७.० ते ९.९ असेल तर तो अपवादात्मक स्कोअर धरतात आणि वीसच्या वीस डिफरेन्शियलमधून एकेक वजा करतात, १०.० किंवा जास्त असेल तर दोन. तिच्या प्रत्येक जुन्या कार्डाच्या अंगावर तो एक चढला होता. नवी कार्डं येतील ती या वजावटीशिवाय येतील, म्हणजे तो भार हळूहळू उतरत जाईल.

"माझा एक चांगला दिवस आला तर शिक्षा?" ती म्हणाली. मी तिची समजूत काढली खरी, पण मनातून मला तिचं म्हणणं अर्धं पटलं होतं. मुद्दाम हँडिकॅप वाढवून ठेवणारे असतात आणि मोठ्या सामन्यात अचानक असं खेळतात, त्यांच्यासाठी हा नियम हवाच. पण नुकतीच शिकत वर येणारी खेळाडू प्रामाणिकपणे असं खेळते तेव्हा तिला हा नियम आधी कोणीतरी समजावून सांगायला हवा. नुसता आकडा पाठवून भागत नाही.

माझी स्वतःची पाळी पुढे आली. मनगट दुखावलं. थांबायला हवं होतं, मी थांबले नाही. अर्धा स्विंग घेऊन खेळत राहिले आणि प्रत्येक कार्ड भरत राहिले. चार महिन्यांत बारा. जुनी चांगली कार्डं एकेक करून विसाव्या ओळीवरून खाली पडत गेली आणि त्यांच्या जागी भरायला माझ्याकडे चांगलं काही नव्हतं. एकदा हाताने सरासरी काढली, २०.५ आली. अ‍ॅप १९.८ दाखवत होतं. आता मी थेट काकांकडे गेले नाही, आधी नियम काढून बसले.

गेल्या ३६५ दिवसांतला आपला सर्वांत कमी इंडेक्स खुंटीसारखा धरून ठेवलेला असतो. माझा होता १६.१, नेट पारच्या त्या राउंडच्या पाच महिने आधीचा. त्याच्यावर ३.० पर्यंत इंडेक्स मोकळेपणी चढतो, म्हणजे १९.१ पर्यंत. त्यापुढचं फक्त निम्मं मिळतं. माझं १.४ पुढचं होतं, त्याचं ०.७, म्हणून १९.८. आणि १६.१ वर ५.० झाले की संपलं, २१.१ च्या वर काहीही खेळलं तरी जाता येत नाही.

काकांना नंतर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दुखापत खरी आहे. समितीला ही मर्यादा बाजूला ठेवायचा अधिकार आहे. अर्ज दे." मी दोन दिवस विचार केला. आमच्या कोर्सवर त्या ०.७ ने कोर्स हँडिकॅप बदलला नसता, दुसऱ्या एखाद्या कोर्सवर मात्र एक फटका जास्त मिळू शकला असता. अर्ज दिला नाही. मनगट बरं होणारं होतं, हे मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. मग तात्पुरत्या दुखण्यावर फटके मागून घ्यायला मन तयार झालं नाही. दुखणं कायमचं असतं तर जरूर दिला असता, आणि कोणी देत असेल तर तिने देऊ नये असं मी म्हणणार नाही.

कार्डं भरत राहिले याचा मात्र पश्चात्ताप नाही. खराब कार्ड दडवणं सोपं असतं, कोणी विचारायला येत नाही. पण चांगलीच कार्डं भरायची ठरवली तर इंडेक्स फसवा होतो, आणि खराबच भरायची ठरवली तर तो चोरीचा होतो. दोन्हीकडे समोरच्या खेळाडूशी होणारा सामना बिघडतो.

मनगट सुधारून दोन महिने झाले. या काळात सात कार्डं भरली, त्यातली काही आठांत आली आणि इंडेक्स १९.० वर उतरला. काल रात्री वही काढून बसले. नेट पारच्या त्या शनिवारनंतर एकोणीस कार्डं झाली आहेत. ते १५.७ अजून आठांत आहे, सर्वांत वर. दुखण्याच्या चार महिन्यांत त्याने एकट्याने सरासरी सावरून धरली होती. आता ते विसाव्या ओळीत आहे.

नवव्या क्रमांकावर २१.३ आहे. उद्या मी साधंच खेळले तर १५.७ जाऊन ते आत येईल आणि सरासरी १९.७ होईल, मर्यादेमुळे दिसतील १९.४. इंडेक्स आहे तिथे ठेवायचा तर कपात धरून ८९ हवेत. सकाळी सातला पहिला फटका आहे. कार्डावर सही करायला मैत्रीण आहे.